ओळीच्या दोन्ही टोकांना एकच शब्द: तो केव्हा जिवंत राहतो, केव्हा नुसता परत येतो

तुम्ही चार ओळींचं एक कडवं पाठवलं आहे:

पाऊस पडतो अंगणात, मनातही पाऊस
वारा सांगतो गोष्ट, ऐकतो तोच वारा
वाट पाहते कोणाची, भिजलेली वाट
रात्र सरत नाही, डोळ्यांत रात्र

आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत. ज्या शब्दाने सुरू होते त्याच शब्दाने संपणाऱ्या ओळीला काय म्हणतात? तुमचा मित्र म्हणतो तसा हा पुनरुक्तीचा दोष आहे का? आणि सबंध कविता अशा ओळींची केली तर ती बेतलेली का वाटते? वृत्तात लिहिणं आणि लिहिणाऱ्यांबरोबर बसून त्यांच्या ओळी तपासणं यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे नावाचा भाग लवकर आटोपतो आणि ओळ कशी घडते याकडे येतो.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या अलंकारांत या रचनेला स्वतंत्र खोली नाही. यमक आणि लाटानुप्रास यांच्या सीमेवर ती राहते. शब्द तोच पण अर्थ वेगळा असेल तर यमक, शब्दही तोच आणि अर्थही तोच पण म्हणण्याचा रोख वेगळा असेल तर लाटानुप्रास. ग्रीक परंपरेत तिला एपानालेप्सिस म्हणतात. अरबी-फारसी काव्यशास्त्रात ‘रद्द-उल-अज्ज़ अलस्सद्र’ असं नाव आहे, म्हणजे बैताचं (दोन चरणांच्या पद्याचं) शेपूट त्याच्या तोंडाशी आणून जोडणं. नवव्या शतकात अरबी कवी इब्न अल-मुअतज्ज़ यांनी आपल्या ‘किताब अल-बदी’मध्ये जे पाच मुख्य प्रकार सांगितले, त्यांत या कुळाला जागा होती. मराठीत तिची गल्लत होते ती दामयमकाशी. दामयमकात एका चरणाचा शेवट पुढच्या चरणाच्या सुरुवातीला येतो, साखळीच्या कड्यांसारखा. तुम्ही विचारताय ती रचना एकाच ओळीत पुरी होते.

आता मित्राचं म्हणणं. तो अर्धा बरोबर आहे. एकदा आलेला शब्द त्याच वाक्यात कारण नसताना पुन्हा येणं याला संस्कृत काव्यशास्त्र ‘कथितपद’ नावाचा दोषच मानतं. पण मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या ‘काव्यप्रकाश’ ग्रंथात लगेच पुढे सांगून ठेवलं आहे की हाच दोष तीन ठिकाणी गुण होतो: लाटानुप्रासात, शब्दाचा अर्थ दुसऱ्या अर्थात सरकतो तिथे, आणि आधी जे सांगितलं त्याचाच आधार घेऊन पुढचं सांगायचं असतं तिथे. या तिन्हींत समान काय आहे ते पाहा. दुसऱ्यांदा आलेला शब्द पहिल्याइतकाच राहत नाही. त्याच्यात भर पडते, किंवा त्याच्यातून काही वजा होतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आनंदवर्धन या दुसऱ्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने दिलं आहे. मूळ प्राकृत आहे, संस्कृत छाया अशी: ‘रविकिरणानुगृहीतानि भवन्ति कमलानि कमलानि’. सूर्यकिरणांचा अनुग्रह झाला की कमळं कमळं होतात. पहिलं ‘कमळं’ म्हणजे ती वनस्पती, तिचं फूल. दुसरं ‘कमळं’ म्हणजे त्या नावाला लायक झालेली, गंध-रूपाने पूर्ण उमललेली. इथे दोन्ही शब्द शेजारी आहेत आणि अर्थ बदलण्याचं काम त्यांच्या आधी आलेल्या सूर्यकिरणांनी करून ठेवलं आहे. तुमच्या रचनेत दोन शब्दांच्या मध्ये अख्खी ओळ पडलेली असते. ते काम त्या मधल्या ओळीने करायचं. मला या रचनेबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर ती हीच आहे: सगळी कसोटी मधल्या शब्दांची आहे. टोकं तर कोणीही जुळवतो.

या कसोटीवर तुमची पहिली ओळ घेऊ. ‘पाऊस पडतो अंगणात, मनातही पाऊस’. अंगणातला पाऊस खरा आहे, मनातला पाऊस रूपकातला. अर्थ बदलला, मग बिघडलं कुठे? बिघडलं ‘मनातही’मध्ये. बाहेर जे आहे तेच आतही आहे असं तो शब्द उघड सांगून टाकतो, आणि ही बाहेर-आतची जोडी वाचकाने इतक्यांदा ऐकलेली असते की ‘मनातही’ म्हणताक्षणी शेवटचा शब्द त्याच्या कानात आधीच वाजलेला असतो. ओळ संपण्याआधीच संपते. शिवाय दुसऱ्या पावसाने पहिल्याला धक्का लावलेला नाही. अंगणात पडतो आहे तो पडतोच आहे. आता ही ओळ पाहा:

पाऊस थांबला, झाडाखाली अजून पाऊस.

इथे एकही रूपक नाही. पाऊस थांबला हे खरं, आणि पानांवरून ठिबकणारं पाणी झाडाखालच्या माणसाला भिजवतं आहे हेही खरं. ‘थांबला’ आणि ‘अजून’ हे दोन शब्द एकमेकांना विरोध करतात, आणि त्या विरोधामुळे शेवटचा ‘पाऊस’ नवा होतो. मनाबद्दल काही म्हणायचं असेल तर ते वाचक स्वतः म्हणेल, त्याला सांगावं लागणार नाही.

दुसरा मार्ग भाषेच्या रोजच्या वापरातून मिळतो, आणि मराठीत तो फार समृद्ध आहे. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आता:

येतो म्हणून गेला, पत्रातही तेवढेच: येतो.

पहिला ‘येतो’ निरोपाचा आहे, दुसरा वचनाचा. आणि या दोन ‘येतो’ंच्या मध्ये जो ‘गेला’ बसला आहे, त्याने दोघांनाही खोटं ठरवलं आहे. तसंच ‘मान खाली घालून मिळवला हा मान’. पहिली मान शरीराची, स्त्रीलिंगी. शेवटचा मान प्रतिष्ठेचा, पुल्लिंगी. ‘हा’ शब्दाने लिंग बदललं हे शेवटच्या शब्दाच्या उंबरठ्यावर कळतं. हे यमक आहे, पण त्याच्या जोडीला अर्थाचा ताणही आहे: मान मिळवायला मान झुकवावी लागली. हा ताण नसेल तर दोन अर्थांचे शब्द नुसती कसरत होतात. ‘वर पाहून मागितला तिने वर’ ही ओळ यमकाच्या व्याख्येत चोख बसते, आणि तरी ती कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. आकाशाकडे पाहणं आणि वर मागणं यांत काही झगडा नाही. वामन पंडित या जुन्या मराठी कवींना त्यांच्या काळापासून ‘यमक्या वामन’ म्हटलं गेलं. त्या नावात कौतुक आहे तसा इशाराही आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आता एक अडचण, जी मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्या दिवसापासून भेटते. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. फ्रान्समध्ये राजा गेल्यावर होणारी जी प्रसिद्ध घोषणा आहे, तिच्या मूळ शब्दांत ‘राजा’ने सुरुवात आणि ‘राजा’वरच शेवट आहे, आणि ते दोन वेगवेगळे राजे आहेत: एक गेलेला, एक त्याच क्षणी गादीवर आलेला. मराठीत सरळ म्हणायला जा: ‘राजा मरण पावला, राजा चिरायू होवो.’ वर्तुळ मोडलं, कारण ‘होवो’ शेवटी जाऊन बसला. ‘राजा गेला, चिरायू होवो राजा’ असं उलटवलं की टोकं जुळतात, पण शेवटच्या नामाला उलट्या क्रमाचा भार सोसावा लागतो. म्हणून ओळीच्या शेवटी नाम आणायचं असेल तर एक तर क्रियापद गाळा (पावसाच्या ओळीत मी तेच केलं आहे) किंवा क्रम उलटवण्याला काही अर्थ असू द्या. केवळ टोक जुळावं म्हणून उलटवलेला क्रम लगेच ऐकू येतो. तुमच्या दुसऱ्या ओळीत, ‘ऐकतो तोच वारा’, नेमकं ते झालं आहे.

क्रियापदांचं याच्या उलट आहे. ओळीच्या शेवटी ती आपल्या घरी असतात. सुरुवातीला आणलं की तिथे जोर येतो. त्यामुळे मराठीतली ही रचना क्रियापदाने फार सहज साधते, आणि लिहिणारे तिकडे कमी वळतात याचं मला आश्चर्य वाटतं. दामयमकाचं उदाहरण म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या या दोन ओळी पाहा:

आला वसंत कविकोकिल हाहि आला
आलापितो सुचवितो अरुणोदयाला

पहिली ओळ ‘आला’वर संपते आणि दुसरी ‘आला’पितोने सुरू होते, म्हणून ती दामयमकाखाली शिकवली जाते. पण पहिल्या ओळीच्या आतच एक वर्तुळ पुरं झालं आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. पहिला ‘आला’ उलट्या क्रमाने आला आहे, तो आरोळीसारखा आहे: आला! वसंत! शेवटचा ‘आला’ आपल्या नेहमीच्या जागी, शांतपणे. कर्तेही दोन आहेत, आधी वसंत, मग कोकिळ, आणि ‘हाहि’ या दोन अक्षरांनी त्यांना एका क्रियेत ओवलं आहे. शब्द तोच, पण एकदा हाकेचा आणि एकदा नोंदीचा.

बोलीत तर हे आपण रोज करतो. ‘नाही म्हणजे नाही.’ ‘गेला तो गेला.’ ‘आई ती आईच.’ मधला ‘म्हणजे’ किंवा ‘तो, ती’ ही बिजागरी आहे, आणि तिच्यावर फिरून दुसरा शब्द पहिल्यापेक्षा कडक होऊन येतो. दुसऱ्या ‘नाही’नंतर बोलणं संपलेलं असतं. ओळ अडली की मी अशी बोलीतली बिजागरी शोधतो, मग तिच्या जागी दुसरं काही बसतं का ते पाहतो.

लॅटिनमध्ये शब्दक्रम मोकळा असल्याने तिथल्या कवींना ही अडचण नव्हती. रोमन कवी व्हर्जिलच्या सातव्या गोपगीतात दोन मेंढपाळ येतात आणि त्यांच्याबद्दल ओळ आहे: ‘आम्बो फ्लोरेन्तेस एतातिबुस, आर्कादेस आम्बो’. आम्बो म्हणजे दोघेही. दोघेही ऐन वयातले, आर्केडियाचे दोघेही. इथे शब्दाचा अर्थ बदलत नाही, रोखही फारसा बदलत नाही. मग ओळ का टिकते? कारण ‘दोघेही’ हा शब्दच ओळीच्या दोन टोकांना दोघांसारखा उभा आहे. जे सांगायचं ते ओळीच्या आकारानेच सांगितलं. अशी ओळ दुर्मीळ असते, पण तिच्यामुळे माझा वरचा नियम थोडा सैल करायला हवा: मधल्या शब्दांनी काम केलं नाही तरी चालतं, जर शब्दाच्या जागांनीच ते केलं असेल तर.

वृत्तात लिहिणाऱ्यांसाठी आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती हाताशी असेल तर पुष्कळ वेळ वाचतो. कुठला शब्द दोन्ही टोकांना बसेल हे वृत्ताने आधीच ठरवलेलं असतं. लघूला (ऱ्हस्व अक्षराला) ल आणि गुरूला (दीर्घ अक्षराला) गा म्हणू. वसंततिलकेची १४ अक्षरं: गागालगा लललगा ललगा लगागा. सुरुवातीला गागा, शेवटीही गागा. म्हणून आला, गेला, माझे, वारा, राजा असा कुठलाही दोन गुरूंचा शब्द दोन्हीकडे निमूट बसतो. वरचा वसंत वसंततिलकेतच आला आहे, तो उगाच नाही. इंद्रवज्रा (११ अक्षरं) आणि मंदाक्रांता (१७) यांचंही तसंच. उपेंद्रवज्रेत मात्र पहिलं अक्षर लघु आहे, इंद्रवज्रेपासून फरक एवढाच, आणि तेवढ्यानेच दोन अक्षरी शब्दाची वाट बंद होते. शिखरिणी आणि पृथ्वी, दोन्ही १७ अक्षरांची, लगाने सुरू होतात आणि लगानेच संपतात. तिथे मना, जरा, नको, घरी असे शब्द चालतात. शार्दूलविक्रीडित गागाने सुरू होतं आणि लगावर संपतं, म्हणून तिथे फक्त एकाक्षरी गुरू शब्द उरतात: मी, तू, ये, जा. मालिनी दोन लघूंनी सुरू होते आणि दोन गुरूंनी संपते. तिच्यात याचा हट्ट धरू नये. आणि भुजंगप्रयात तर लगागा चार वेळा, म्हणजे तीन अक्षरांचा लगागा शब्द कुठेही ठेवा.

पण बसणं म्हणजे साधणं नव्हे. भुजंगप्रयातात ही ओळ बघा: ‘निघालो घराच्या दिशेने निघालो’. वृत्त निर्दोष, ओळ मेलेली. दुसऱ्या ‘निघालो’ने पहिल्याला काहीही केलं नाही. आता मधली सहा अक्षरं बदलू: ‘निघालो म्हणालो, कधी ना निघालो’. पहिला ‘निघालो’ आता कृती राहिला नाही, तो बोलण्यातला शब्द झाला. दुसऱ्याने ते बोलणं पुसलं. वसंततिलकेत असंच काहीसं:

माझे म्हणून जपले, उरले न माझे

हिच्यात वळण कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येतं. ते बाराव्या अक्षरात आहे, त्या ‘न’मध्ये. एका लघू अक्षरावर ओळ उलटते आणि मग दोन गुरूंचा ‘माझे’ सावकाश येतो, आधीपेक्षा रिकामा होऊन. ‘न’च्या जागी ‘च’ टाकून पाहा: ‘उरलेच माझे’. वृत्त तसंच राहतं, ओळ चपटी होते. मात्रावृत्तात अक्षरांऐवजी मात्रा मोजायच्या असल्याने मोकळीक जास्त आहे, तिथे हा हिशेब इतका काटेकोर लागत नाही.

विभक्तीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. ‘घर’ने सुरू झालेली ओळ ‘घरात’वर संपली तर ती या रचनेत धरायची का? मी धरतो, पण एका अटीवर: मूळ शब्द कानाला ओळखू यायला हवा. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं आणि कित्येक शब्द तिथे आपला चेहरा बदलतात. पाऊस पावसा होतो, माणूस माणसा होतो, देऊळ देवळा, पाणी पाण्या. ‘पाऊस’ने उघडलेली ओळ ‘पावसात’वर मिटली तर डोळ्याला नातं कळतं, कानाला अर्धंच कळतं, तो लांब ‘ऊ’ हरवलेला असतो. घर, गाव, रान, आनंद यांचं तसं होत नाही, त्यांचं मूळ शाबूत राहतं. नदी, आई यांना तर धक्काच लागत नाही. म्हणून प्रत्ययासह शब्द शेवटी आणायचा असेल तर निवड इथूनच करावी.

प्रत्यय असा वापरता येतो याचं शिखर तुकोबांच्या अभंगात आहे: ‘आनंदाचे डोहीं आनंदतरंग । आनंदचि अंग आनंदाचें ॥’ मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. इथे चारही चरण ‘आनंद’ने सुरू होतात, आणि चौथा, चार अक्षरांचा चरण तर संपूर्णच एका शब्दाने भरला आहे. ‘आनंदचि अंग आनंदाचें’ एवढं वेगळं काढून वाचा. पहिला आनंद म्हणजे वस्तू, दुसरा आनंद म्हणजे त्या वस्तूचा धनी. आनंदाचं अंगही आनंदच. षष्ठीच्या एका प्रत्ययाने हे घडवलं आहे; प्रत्यय नसता तर उरली असती फक्त पुनरुक्ती. मध्ये एकच शब्द, ‘अंग’, आणि तो पुरतो. मधला भाग लांब असावा लागतो असा समज असेल तर तो इथे सोडून द्या.

या ओळीत ‘चि’ आहे तो पहिल्या आनंदाला आहे. आपल्याकडे बहुतेकजण आजचा ‘च’ शेवटच्या शब्दाला लावतात: ‘घरच’, ‘आईच’, ‘मीच’. बोलीत तो शोभतो, कवितेत बहुधा तो भीतीपोटी आलेला असतो. दुसरा शब्द वेगळा ऐकू येईल की नाही याची खात्री नसली की हात ‘च’कडे जातो. तपासताना मी आधी तो काढून वाचतो. ओळ उभी राहिली तर ‘च’ नको होता. पडली तर दोष मधल्या शब्दांत आहे, ‘च’ने तो झाकला होता. शेवटच्या शब्दाआधी मोठी रेघ किंवा तीन टिंबं देण्याचंही तसंच. ती वाचकाला सांगतात की आता काहीतरी येणार आहे, आणि सांगून आलेल्या गोष्टीची धार जाते.

अंतर किती असावं? एका दमात ओळ वाचता यावी, म्हणजे पहिला शब्द कानात असतानाच शेवटचा पोचतो. मुक्तछंदात लिहिणाऱ्यांना आणखी एक व्यवहाराची सूचना: लांब ओळ फोनच्या पडद्यावर आपोआप दुमडते, आणि मग शेवटचा शब्द भलत्याच ठिकाणी एकटा पडतो किंवा मध्येच कुठेतरी दिसतो. ज्या ओळीचा सगळा जीव टोकांत आहे ती आखूडच लिहावी.

शब्द कुठले घ्यावेत याबद्दल माझं मत पक्कं आहे. माणूस, शून्य, प्रवास, आयुष्य, मौन, मी या शब्दांनी अशी ओळ करू नये, निदान सुरुवातीला तरी. ‘माणसात शोधतो माणूस’ या धाटणीच्या ओळी शहाणपणाच्या वाटतात, कारण असे अमूर्त शब्द आधीच दोन-दोन अर्थ बाळगून असतात आणि ओळीला काहीच करावं लागत नाही. दार, किल्ली, पाणी, येतो, राहू दे अशा साध्या शब्दांना मात्र ओळीनेच दुसरा अर्थ द्यावा लागतो. ते काम ओळीला करू द्या. आणि लिहिताना शेवटापासून सुरुवात करा. आधी शेवटचा शब्द कुठल्या अर्थाने हवा आहे ते ठरवा, मग त्याच शब्दाचा दुसरा, साधा वापर सुरुवातीला ठेवा. उलट केलं तर पहिल्याच शब्दात सगळा अर्थ खर्च होतो आणि शेवटी परतायला काही उरत नाही.

राहिला सबंध कवितेचा प्रश्न. प्रत्येक ओळ अशी असली की तिसऱ्या ओळीपासून वाचक पहिला शब्द पाहून शेवटचा ओळखतो, आणि मग तो मधलं वाचतच नाही. तुमचं कडवं बेतलेलं वाटतं ते यामुळे. गझलेत तर रदीफ, म्हणजे परत परत येणारा शब्द, आधीच प्रत्येक शेराच्या (दोन ओळींच्या) शेवटी ठरलेला असतो. त्याच शब्दाने शेर उघडायचा खेळ एखाद्याच शेरात करावा. हिंदीतल्या कुंडलियाने याचं उत्तर चांगलं काढलं आहे: दोहा आणि रोळा हे दोन छंद मिळून सहा ओळी, आणि पहिल्या ओळीचा पहिला शब्द थेट सहाव्या ओळीच्या शेवटी परततो. दरम्यान वाचक तो विसरलेला असतो, म्हणून त्याचं परतणं कळतं.

तरीही सगळी कविता याच रचनेत करायची असेल तर पहिल्या शतकातला रोमन कवी मार्शल कसा सुटला ते पाहण्यासारखं आहे. त्याची बारा ओळींची एक कविता आहे, सहा द्विपदींची. प्रत्येक द्विपदी ‘मत्सराने फुटतो’ अशा अर्थाच्या दोन शब्दांनी सुरू होते आणि त्यांवरच संपते. रोम मला वाचतं म्हणून कोणी जळतो, लोक बोट दाखवून मला ओळखतात म्हणून जळतो, मित्रांना मी आवडतो म्हणून जळतो. पाच वेळा वर्तुळ तंतोतंत पुरं होतं. सहाव्या वेळी शेवटचे शब्द तेच राहतात, पण त्यांच्या आधी तेच क्रियापद वेगळ्या रूपात येतं: जळो, जो कोणी जळतो तो. पाच वेळा जी नुसती बातमी होती तिचा शाप झाला. आधीच्या पाच द्विपदी या एका बदलासाठी रचल्या होत्या, आणि असा बदल हाती असल्याशिवाय सबंध कवितेच्या वाट्याला जाऊ नये.

तुमच्या कडव्यात तसा बदल नाही, पण एक अस्सल ओळ आहे आणि तुम्ही तिला इतर तिघींच्या रांगेत उभं करून हरवलं आहे. ती तिसरी: ‘वाट पाहते कोणाची, भिजलेली वाट’. पहिली ‘वाट’ हा स्वतंत्र शब्दच नाही, ‘वाट पाहणे’ या वाक्प्रचाराचा तुकडा आहे. तिथे रस्ता कोणाच्या डोळ्यापुढे येत नाही. ‘पाहते’ हे स्त्रीलिंगी क्रियापद आलं की वाचकाला वाटतं, कोणीतरी बाई दारात उभी आहे. ‘भिजलेली’पर्यंत ती बाईच राहते. आणि शेवटच्या शब्दाला कळतं की वाट पाहणारी बाई नसून ती वाटच आहे. कर्ता क्रियापदाच्या मागे गेला आहे, मराठीचा क्रम उलटला आहे, आणि इथे उलटण्याला कारण आहे: कर्ता लपवून ठेवायचा होता. एवढं सगळं पाच शब्दांत झालं आहे.

म्हणून बाकीच्या तीन ओळींची टोकं सोडवा आणि ही ओळ शेवटी न्या. मी एवढाच बदल करीन:

पाऊस पडतो अंगणात
वारा काही सांगू पाहतो
रात्र सरत नाही
वाट पाहते कोणाची, भिजलेली वाट

‘सांगू पाहतो’मधला ‘पाहतो’ मी मुद्दाम ठेवला आहे. तिथेही पाहण्याचा डोळ्यांशी संबंध नाही, आणि त्यामुळे शेवटच्या ओळीतलं ‘पाहते’ आणखी बेसावध कानावर पडतं. तो खटकला तर काढा. मात्र चौथ्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह देऊ नका. ते आलं की लक्ष ‘कोणाची’कडे जातं, आणि ओळीचं उत्तर ‘वाट’मध्ये आहे.